झेलीमावशीची बाटली आणि ओक्ताव्हचं नाक

"ज्याने महामार्गाच्या टोलनाक्यावर एकतीस वर्षं बसून साठ लाख गाड्यांच्या काचांतून साठ लाख चेहरे वाचले, ज्याचं नाक बंद बाटलीतल्या वाइनचं साल सांगतं, आणि ज्याची नुसती भुवई वर गेली की अट्टल गुन्हेगाराला घाम फुटतो, असा साऱ्या बर्गंडीत एकच पुरुष आहे: ओक्ताव्ह ब्रेशार."

हे वर्णन ओक्ताव्ह ब्रेशारचं आहे. केलंयही ओक्ताव्ह ब्रेशारनेच. त्याने ते जाड कागदावर छापून घेतलं आहे. खाली ठळक अक्षरांत 'खाजगी गुप्तहेर', त्याखाली फोन नंबर, आणि त्याखाली 'दुपारी एक ते तीन झोप' अशी सूचना. त्या साठ लाखांतला एकही गुन्हेगार पकडला गेला नाही, हे कुणी काढलंच तर तो शांतपणे म्हणतो, "माझी भुवई लांबूनच दिसायची. ते आधीच्या वळणावरून परत जायचे."

मी फर्मँ लान्यो. द्राक्षबागांतले ते उंच, सडपातळ ट्रॅक्टर असतात ना, वेलींच्या रांगेवर दोन पाय टाकून चालणारे, ते मी दुरुस्त करतो. ओक्ताव्हची धाकटी बहीण क्लोतिल्द ही माझी बायको. लग्नात मला बायको मिळाली आणि तिच्यासोबत, नको म्हणता येणार नाही अशी भेट म्हणून, सहायकाची नोकरी. एरवी ओक्ताव्ह मला 'दाजी' म्हणतो. हातात प्रकरण आलं की मी 'सहायक' होतो आणि त्याला 'साहेब' म्हणावं लागतं. आजवरची प्रकरणं तीन. पहिल्यात हरवलेलं मांजर आपणहून परत आलं. दुसऱ्यात गेलेलं घड्याळ ओक्ताव्हच्याच मनगटावर निघालं. तिसरं हे.

आता फ्रान्सच्या या बर्गंडी भागातल्या आमच्या व्हेर्नोल गावची एक अडचण सांगतो. चर्चमागच्या उतारावर दगडी कुंपणातली एक द्राक्षबाग आहे, क्लो दे ग्रीव्ह. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पूर्ण दिसते. भांडी घासता घासता मी तिच्या वेली मोजू शकतो. पण तिथल्या लाल वाइनच्या एका बाटलीला चौदाशे युरो पडतात. वर्षाला हजारभर बाटल्या निघतात आणि त्या आमच्या दारावरून ट्रकने थेट टोकियोला, सिंगापूरला, जिथे लोकांच्या बाथरूमला सोन्याचे नळ असतात अशा ठिकाणी जातात. गावात कुणी ती चाखलेली नाही. त्यामुळे गावात सगळ्यांचं एकमत आहे की तिच्यात काही विशेष नसतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात. आमच्या कोल्ह्यांना ती महाग होती, एवढाच फरक.

आमचं सहा जणांचं एक मंडळ आहे, चव मंडळ. अध्यक्ष अर्थात ओक्ताव्ह. मग मी, नर्स असलेली क्लोतिल्द, शाळेच्या हेर्मीनबाई, खानावळवाली रेमोंद आणि म्हातारा आंतेल्म. आंतेल्मने जन्मभर वाइनची लाकडी पिंपं बनवली. महिन्यातून एकदा आम्ही एखाद्या बागायतदाराच्या तळघरात जातो, मोठ्या गिऱ्हाइकासारखे भुवया आक्रसून चार फुकटचे घोट तोंडात घोळवतो, "विचार करून कळवतो" म्हणतो, आणि घरी येऊन सुपरमार्केटची सहा युरोवाली पितो. तळघरवाले आम्हाला ओळखतात. पण त्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, पोरांना शिकवणारी, जेवण वाढणारी आणि इंजेक्शन देणारी अशी सगळी माणसं एकाच मंडळात असल्यामुळे कुणी काही बोलत नाही.

चार वर्षांपूर्वी ओक्ताव्हने एक प्रस्ताव मांडला. त्याच्या सगळ्या आयुष्यातला हा एकच शहाणा प्रस्ताव, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. आमच्या गावच्या झेलीमावशींनी क्लो दे ग्रीव्हमध्ये बेचाळीस हिवाळे छाटणी केली. बोटं गोठतात अशा जानेवारीत, वेलीपुढे वाकून, एकेक काडी बघून. ओक्ताव्हची आई त्यांच्या शेजारच्या रांगेत असायची. दोघींना रोजंदारी मिळायची आणि वर दोन लीटर साधी लाल. क्लो दे ग्रीव्हचा थेंब दोघींपैकी कुणाच्याच जिभेला लागला नाही. ओक्ताव्हची आई तशीच गेली. मावशी नव्वदीच्या व्हायच्या आधी मंडळाने पैसे साठवून ती एक बाटली घ्यायची आणि वाढदिवसाला त्यांच्यासमोर उघडायची, असं ठरलं. हेर्मीनबाई रडल्या. रेमोंद म्हणाली, "चौदाशे युरोत मी लग्नाचं जेवण घालते." पण तीही दर महिन्याला पाच युरो टाकत राहिली.

बाटली जानेवारीत आली. आम्ही सहा जण तिच्याभोवती उभे राहिलो, बाळंतिणीच्या खोलीत राहावं तसे. ठेवायची कुठे? आंतेल्मच्या तळघरात. गावात त्याहून थंड, त्याहून ओली जागा नाही.

"आणि सुरक्षा?" ओक्ताव्हने विचारलं. "सहा माणसं, सहा तहानलेले घसे. मी कुणावर आरोप करत नाही. पण रेमोंदकडे बघतो आहे."

"माझ्याकडे कशाला? गेल्या खेपेला नमुन्याची बाटली खिशात घालून कोण निघालं होतं?"

"तो पुरावा होता!" ओक्ताव्ह म्हणाला. "बाटलीच्या मानेला मेणाचं सील करा. सील तुटलं की चोरी कळलीच. घोटाला आळा घालायलाच हवा."

घोटाला आळा घातला की घोटाळा होतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आंतेल्मने लाल मेण वितळवलं, बाटलीची मान बुडवली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मार्च उजाडला. रविवारी दुपारी रेमोंदच्या खानावळीत वाढदिवस होता, आणि आधीच्या गुरुवारी सकाळी आंतेल्म टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"बाटली नाही," तो म्हणाला.

ओक्ताव्ह आमच्याकडे न्याहारीला होता. तो उठला, त्याने तोंडातला पाव गिळला आणि मला म्हणाला, "सहायक, कोट."

आम्ही तळघरात उतरलो. दाराला कुलूप होतं, तुटलेलं नव्हतं. किल्ली बाहेर खिळ्याला टांगलेली होती, गावात सगळ्यांच्या किल्ल्या असतात तशी. आत भिंतींवर पाण्याचे ओघळ, खाली चिखलाचा पातळ थर. कोपऱ्यातल्या फळीवर सात बाटल्या होत्या, सगळ्या मानेपर्यंत चिखलाने माखलेल्या, बिनलेबलाच्या.

"या माझ्या घरच्या," आंतेल्म म्हणाला. "जावयाच्या बागेतली वाइन, मी भरतो. पण आपली बाटली याच फळीवर होती. पिवळट लेबल होतं. मी रोज बघायचो."

"तुझ्या किती होत्या?" मी विचारलं.

"सहा-सात. तहानेवर असतं ते."

"सहायक, बाटल्या मोजायचं काम वाण्याचं," ओक्ताव्ह म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला आणि चिखलात भिंग धरून त्याने किंचाळीच फोडली. "पाऊलखुणा! ताज्या! त्रेचाळीस नंबरचा बूट, टाच बाहेरून झिजलेली. माणूस वजनदार आहे, चालताना पोट पुढे काढतो. आत्मसंतुष्ट. बहुधा अविवाहित."

"साहेब," मी म्हणालो, "तुमचा बूट कितीचा?"

"त्रेचाळीस. का?"

"काही नाही, साहेब."

त्याने मला खुणेचा साचा काढायला लावला. अर्धा तास प्लास्टर कालवलं. साचा सुकल्यावर त्यावर त्याने पाय ठेवून पाहिला, तो तंतोतंत बसला, आणि तो गंभीरपणे म्हणाला, "बघ. चोर माझ्याच मापाचा आहे. मी जाणलंच होतं, प्रतिस्पर्धी माझ्या तोडीचा असणार."

दुपारपर्यंत गुन्हेगार ठरला: जवळच्या बोन शहरातले दंतवैद्य मोंतारलो. कारणं तीन. एक, त्यांनी शरद ऋतूत मंडळाचं सदस्यत्व मागितलं होतं आणि आम्ही नाकारलं होतं, कारण त्यांना खरोखर वाइन परवडते. दोन, ते खूप हसतात. तीन, दंतवैद्य असूनही त्यांचे स्वतःचे दात जांभळट आहेत.

"उद्या सकाळी मी त्यांच्याकडे रोगी म्हणून जाणार," ओक्ताव्ह म्हणाला. "गोड बोलून बाटलीत उतरवतो बघ. तू सोबत चल, नोंदी घ्यायला."

शुक्रवारी ओक्ताव्ह त्या खुर्चीत आडवा झाला, वर दिवा, शेजारी मी वही घेऊन.

"तोंड उघडा," मोंतारलो म्हणाले.

"तोंड तुम्ही उघडायचं आहे, डॉक्टर," ओक्ताव्ह म्हणाला आणि भुवई वर केली.

"मी? बरं, मग काय सांगू?"

"गुरुवारच्या आदल्या रात्री कुठे होतात, तेवढं सांगा."

"सासूबाईंकडे. फार वाईट गेली ती रात्र. आता तुम्ही उघडा. अरे बापरे."

"काय अरे बापरे?"

"डावीकडची मागची दाढ. ही दुखत नाही तुम्हाला?"

"मी इथे प्रकरणाच्या मुळापर्यंत जायला आलोय!"

"मीही तिथेच चाललोय," मोंतारलो सुई भरत म्हणाले. "मूळच किडलंय."

वीस मिनिटांनी आम्ही रस्त्यावर होतो. ओक्ताव्हच्या गालात कापूस होता, डाव्या बाजूचा अर्धा चेहरा झोपला होता, आणि खिशात लवंगांची पुडी होती. मोंतारलोंनी सांगितलं होतं, दोन-चार दिवस एखादी लवंग गालात धरून ठेवा, बरं वाटेल. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "मंडळाचं सदस्यत्व आता तरी मिळेल का हो?"

"तो निर्दोफ आहे," ओक्ताव्ह गाडीत म्हणाला.

"निर्दोष?"

"तेफ म्हणतोय मी. फाफूबाई खोटं बोलण्याफाठी कुणी वापरत नाही."

गावात गाडीतून उतरताना रेमोंदच्या खानावळीतून रश्श्याचा वास आला. गोमांस, कांदे, मशरूम, आणि तास-तासभर मंद आचेवर उकळलेली लाल वाइन. ओक्ताव्ह जागच्या जागी थांबला. त्याची चालू असलेली एक भुवई वर गेली.

"फहायक! बाटली लपवायची उत्तम जागा कुठली?"

"पोट, साहेब?"

"त्याआधी! पातेलं!"

रेमोंद दारातच उभी होती. ओक्ताव्हने तिला बाजूला सारलं, पातेल्यावर वाकला, नाक आत घातलं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला चावता येत नाही.

"फहायक, तू खा. मी निफ्कर्फ काढतो."

मी खाल्लं. निष्कर्ष निघेना म्हणून आणखी एक ताट. मग खात्रीसाठी तिसरं. तिसऱ्या ताटाच्या शेवटी मी सांगितलं की रस्सा अप्रतिम आहे.

"वाइन कुठली घातलीफ?" त्याने रेमोंदला दरडावलं.

"चार युरोची. पातेल्यात अर्धी, माझ्यात अर्धी. आणि चौदाशे युरोची बाटली मी कांद्यात ओतीन, एवढी बिनडोक वाटते मी तुला? मावशींसाठी होती ती! चार वर्षं मी नवा तवा घेतला नाही!" रेमोंदचा आवाज एकदम फुटला. तिने पदर नव्हता म्हणून एप्रनने डोळे पुसले. "रविवारी त्यांच्यासमोर काय ठेवू मी? लिंबाचं सरबत?"

ओक्ताव्ह खुर्चीत बसला आणि, विचार करायची त्याची रीत आहे तसा, एक पाय समोरच्या खुर्चीवर टाकला. त्याची भुवई मी पहिल्यांदाच खाली आलेली पाहिली.

"आणि खुर्चीवर बूट ठेवू नकोस," रेमोंद नाक ओढत म्हणाली. "ते बघ, काय चिकटलंय बुटाला."

ते काय आहे हे मी वाकून बघितलं. पिवळट कागदाचा चिखलमाखला तुकडा. मी नखाने सोलून काढला. त्यावर कुंपणाचं चित्र होतं, आणि खाली, उलट्या बाजूने का होईना, स्वच्छ वाचता येत होतं: क्लो दे ग्रीव्ह.

"फापळा!" ओक्ताव्ह ओरडला. "चोराने माझ्यावर आळ घालायला हे माझ्या बुटाला चिकटवलं! झोपेत! एक ते तीनच्या दरम्यान!"

आम्ही आंतेल्मला बोलावलं. त्याने लेबल हातात घेतलं, मागची बाजू चाचपली, आणि कपाळावर हात मारला.

"गळलं! ओल फार आहे ना. दर हिवाळ्यात गळतात. डिंक धरतच नाही. म्हणून तर मी माझ्या बाटल्यांना लेबल लावायचं सोडून दिलं."

"म्हणजे बाटली?" मी विचारलं.

"फळीवरच असेल. त्या सातांतली एक."

"मग तुझ्या बाटल्यांना मेण नाही ना? मेणाची असेल ती आपली."

आंतेल्म बुटांकडे बघू लागला. "मेण बरंच उरलं होतं," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायचं? सगळ्यांनाच लावलं."

सातही बाटल्यांचा आकार एकच होता, कारण आंतेल्म आयुष्यभर याच प्रकारच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत आला होता. सातहींवर सारखाच चिखल. ओक्ताव्हने त्या उन्हात धरल्या, कानाशी हलवल्या, स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलल्या. त्यांतल्या एका बाटलीचं वजन सर्वांत जास्त भरलं. तिच्या तळाला गोगलगाय चिकटली होती.

शेवटी त्याने कोटाची बटणं लावली. "घाबरू नका. चव मंडळ कशाला आहे? रविवारी सातही उघडू. चौदाशे युरोची वाइन आणि आंतेल्मच्या जावयाची वाइन यातला फरक आपल्याला कळणार नाही का?"

सगळ्यांनी हो म्हटलं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

रविवारी ऊन छान पडलं होतं. झेलीमावशी निळा रुमाल बांधून टेबलाच्या टोकाला बसल्या. ठेंगण्या, वाळलेल्या, जुन्या वेलीच्या बुंध्यासारख्या पिळदार. क्लोतिल्द घरोघरी जाऊन रोग्यांना बघणारी नर्स आहे; तिची फेरी अडीचपर्यंत होती, म्हणून ती तेवढी नव्हती. सात बाटल्या रांगेत उभ्या होत्या, खडूने एक ते सात आकडे टाकलेले.

"मावशी," ओक्ताव्ह गालातली लवंग सावरत म्हणाला, "यातली एक क्लो दे ग्रीव्हची आहे. कुठली, ते आम्ही तज्ज्ञ मंडळी तुम्हाला शोधून देतो."

"बरं बाळा," मावशी म्हणाल्या. "पण पहिला घोट प्रत्येकीतला मला. वाढदिवस माझा आहे."

ओक्ताव्हने एकेक बाटली उघडली. मेणाचा चुरा उडाला, बूच निघालं. प्रत्येक बूच त्याने नाकाशी नेलं, डोळे घट्ट मिटले, लांब श्वास घेतला, मान डोलावली आणि टेबलावर ठेवून दिलं. सातदा. मोठे लोक असंच करतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं.

मग आम्ही चाखायला बसलो.

"लवंग!" ओक्ताव्ह पहिल्याच घोटाला म्हणाला. "खोल, गूढ, पौर्वात्य लवंग."

"हो, आहे खरी," हेर्मीनबाई म्हणाल्या. बाईंच्या हातात चाळीस वर्षं खडू होता. त्यांना प्रत्येक वाइनमध्ये खडूची माती लागते.

"मला जळका कांदा लागतोय," रेमोंद म्हणाली.

"लाकूड," आंतेल्म म्हणाला. त्याने अजून पेला उचलला नव्हता.

दोन नंबर ओतली तेव्हा तिचा रंग फिका निघाला, जुन्या विटेसारखा. पेल्याच्या आरपार रेमोंदची नेलपॉलिश दिसत होती.

"ही नाही," ओक्ताव्ह म्हणाला. "पाणी घातलंय हिच्यात. आंतेल्म, लाज वाटत नाही?"

"आमचा जावई..." आंतेल्म पुटपुटला.

"लवंग आहे का पण?" हेर्मीनबाईंनी विचारलं.

"आहे. पण पळपुटी."

मावशींनी पहिला घोट घेतला होता. त्या "हं" म्हणाल्या आणि बाटली उचलून स्वतःजवळ ठेवली. "ही नाही ना? मग मला राहू दे. पातळ आहे, बाधायची नाही."

आम्हाला बरंच वाटलं. म्हातारं माणूस, हलकी वाइन, उत्तम.

पाच नंबरला स्फोट झाला. गडद, काळी-जांभळी, पेल्याला चिकटणारी. ओक्ताव्हने घोट घेतला आणि खुर्चीची पाठ धरली. "हीच! लवंग, कस्तुरी, ओलं जंगल, जुनं चामडं, आणि तळाशी... थांबा... जीवनातलं दुःख!"

"दुःख मलाही लागलं," हेर्मीनबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मीही प्यायलो. खरं सांगतो, मला ती जरा चिकट लागली. पण चौदाशे युरो आठवले आणि मलाही चामडं लागलं. आम्ही उभं राहून पाच नंबर संपवली. ओक्ताव्हने मावशींना मोठा पेला भरून दिला. "तुम्ही घ्या रे," त्या म्हणाल्या. "तुमचे पैसे आहेत. मला माझी पातळ बरी." केवढं मोठं मन, असं आम्हाला वाटलं. ओक्ताव्हने नाक शिंकरलं आणि मावशींचा पेलाही पिऊन टाकला.

अडीचला क्लोतिल्द आली. तिने मावशींचे गाल चुंबले, हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळची बाटली उचलली. मावशींनी तिला परत बूच लावून ठेवलं होतं. क्लोतिल्दने ते काढलं, पेल्यात ओतायला म्हणून बाटली तिरकी केली आणि बुचाकडे बघून थांबली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही शहाणपणाने अख्खी मावशींनाच दिलीत! मला वाटलं होतं तुम्ही सगळे तुटून पडाल."

"कुठली?"

"ही. क्लो दे ग्रीव्ह."

"क्लो दे ग्रीव्ह ही," ओक्ताव्हने रिकामी पाच नंबर उंचावली. "तुला चवीतलं काही कळत नाही, क्लोतिल्द."

"चवीतलं नाही कळत. वाचता येतं. बुचावर लिहिलंय ना. नाव आहे, सालही आहे. सगळ्या चांगल्या बुचांवर असतं."

सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या उरलेल्या सहा बुचांकडे वळल्या. आम्ही पाचही जण जन्मापासून या गावात राहतो. बुचावर नाव असतं हे आमच्याकडे शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे.

आंतेल्मने टेबलावरून पाच नंबरचं बूच उचललं, मेण खरवडलं आणि लाजून खिशात घालायला गेला. रेमोंदने त्याचं मनगट धरलं. बूच प्लास्टिकचं होतं.

"बुचं संपली होती," आंतेल्म म्हणाला. "आणि वाइनही जरा कमी पडली. म्हणून तळाला सुपरमार्केटची टाकली थोडी. निम्मी."

"मी प्लास्टिक हुंगलं?" ओक्ताव्हने हळूच विचारलं.

"डोळे मिटून, साहेब," मी म्हणालो.

तो खाली बसला. टोलनाक्यावर यंत्रं बसवली आणि त्याला घरी पाठवलं, त्या दिवशी तो असाच बसला होता. मग त्याने दोन नंबरची बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी चार बोटं उरली होती. त्याने मावशींकडे पाहिलं.

"मावशी, आवडली?"

"फार," त्या म्हणाल्या.

"मग झालं," तो म्हणाला, आणि बाटली परत त्यांच्यासमोर ठेवली. त्याच्यावर मी एवढा कधी खूश झालो नव्हतो.

मावशींनी आमच्या तोंडांकडे एकदा क्रमाने पाहिलं. "आणा पेले," त्या म्हणाल्या. "असे मयताला आल्यासारखे बसू नका."

एकेकाला एक घोट आला. ओक्ताव्हने आधी पाणी पिऊन चूळ भरली आणि गालातली लवंग काढून बशीत ठेवली. मग घोट घेतला. मीही घेतला. मला त्यात चामडं लागलं नाही, जंगलही नाही. पावसाने धुतलेल्या दगडावर पिकलेली चेरी फुटावी तसं काहीतरी होतं, आणि गिळल्यावरही ते गेलं नाही. मी घरापर्यंत बोलायचं टाळलं, ते निघून जाईल म्हणून. हेर्मीनबाई वहीत लिहायला गेल्या आणि त्यांनी वही मिटली. रेमोंद म्हणाली, "घाला खड्ड्यात तो तवा."

ओक्ताव्ह रिकामा पेला खाली ठेवत म्हणाला, "आईला आवडली असती."

"तिला तर कळलंच असतं, वरच्या कोपऱ्यातल्या रांगांची आहे म्हणून," मावशी म्हणाल्या. "तिथली माती तांबूस आहे."

चार वाजता आम्ही त्यांना घरी सोडायला निघालो. एका बाजूने ओक्ताव्ह, एका बाजूने मी, मध्ये मावशी, दोघांच्या हातांना धरून जरा जास्तच मोकळ्या चालीने. क्लो दे ग्रीव्हच्या कुंपणाशी ओक्ताव्ह थांबला. त्याची भुवई परत वर गेली होती. मी वही काढली, सवयीने.

"मावशी, एक धंद्यातला प्रश्न विचारतो. तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं होतं ना?"

"पहिल्याच."

"मग आम्ही त्या पाच नंबरला मिठ्या मारत होतो, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, ढ मुलाकडे मायेने बघावं तसं.

"अरे, बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मागितली असती."